सरांचं घड्याळ

स्मरणिकेसाठी लिहाल का, असा फोन आला आणि डोळ्यांपुढे उभे राहिले ते आपले सायन्सचे सर. नाव लिहीत नाही. शाळेत 'सर' म्हटलं की तेच.

मी आठवीत होते. मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीपाशी मोत्या कुत्रा धाडकन आडवा झाला. पाय ताठ, तोंडाला फेस. "पिसाळला, पिसाळला!" असा एकच ओरडा. दहावीच्या मुलांनी दगड उचलले. तेवढ्यात हातातल्या खडूसकट सर धावत आले. सगळ्यांना मागे सारलं, लांबूनच फरशीवर रेघ मारली, "हिच्या पुढे कुणी यायचं नाही" म्हणाले आणि मनगटावरचं घड्याळ बघत उभे राहिले. मोत्या शांत झाल्यावर त्यांनी वेळ सांगितली. "लिही गं." मी वहीच्या मागच्या पानावर लिहिली. मोत्या उठला, भिंतीला धडकत दोन-चार पावलं चालला आणि थोड्या वेळाने शेपूट हलवू लागला.

"फिट आली होती त्याला. माणसाला येते तशीच."

"मेंदूत काय होतं सर, तेव्हा?"

"मला नाही ठाऊक. तू शोध."

पुढे परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात गेले. आज कुत्र्यांच्या मेंदूचे आजार हेच माझं काम आहे. रडवेले मालक येतात, त्यांना माझा पहिला प्रश्न असतो, "किती वेळ चालली?" कारण फिट पाच मिनिटांपुढे गेली की जिवावर बेतू शकतं, आणि घाबरलेल्या माणसाला एक मिनिटही तासासारखं वाटतं. घड्याळ बघा, मोबाइलवर व्हिडिओ काढा, तोंडात हात घालू नका, हे रोज सांगते. माणूस आणि कुत्रा यांच्या मेंदूतलं साम्य बघून अजूनही थक्क होते. 2005 साली डॅशहुंड कुत्र्यांच्या एका जातीतल्या फिट्सचं मूळ ज्या जनुकात सापडलं, त्याच जनुकातल्या बिघाडाने मुलांनाही लाफोरा हा जीवघेणा आजार होतो. म्हातारी कुत्री राहत्या घरात वाट चुकतात, रात्रभर येरझाऱ्या घालतात. त्यांच्या मेंदूत अल्झायमरसारखेच अमायलॉइड या प्रथिनाचे थर दिसतात.

मागच्या वर्षी शाळेत येऊन गेले. टाकी नाही, फरशी नाही, सगळीकडे पेव्हर ब्लॉक. वाईट वाटलं.

पीएच.डी.चा प्रबंध घेऊन सरांकडे गेले होते, तेव्हा त्यांची दृष्टी गेली होती. मी पहिली काही पानं वाचून दाखवली. ऐकून म्हणाले, "मोत्याची वेळ घातलीस का यात?"

नव्हती घातली. इथे लिहिते, सर : एक मिनिट चाळीस सेकंद.