सर्पकोशाची वही: साराफचं कार्ड भरलं

मंडळी, तनाखमधल्या, म्हणजे हिब्रू बायबलमधल्या, सापांच्या नावांची वही एक पान पुढे सरकली. नाहाश (साप या अर्थाचा साधा शब्द), एफए, त्सेफा ही हिब्रू नावं आधीच लावून झाली होती. अडून बसला होता तो साराफ. आता त्याचंही कार्ड भरलंय, फक्त ‘जात’ या रकान्यात मी मुद्दाम आडवी रेघ मारली आहे.

आधी एक तण उपटून टाकू. हा शब्द ऐकला की मराठी कानाला हटकून ‘सर्प’ आठवतो. नातं काही नाही. सर्प ‘सृप्’ म्हणजे सरपटणे यातून आला. साराफचा धातू सीन-रेश-पे या तीन हिब्रू अक्षरांचा, अर्थ जाळणे. उत्पत्ति ११:३ मध्ये बाबेलचे लोक विटा भाजतात तिथे हाच धातू आहे. (सराफकट्ट्यावरचा सराफ अरबीतून आलेला, तो तर तिसऱ्याच घरचा.)

शब्द सगळ्या तनाखमध्ये जेमतेम ७ वेळा येतो. गणना या पुस्तकात २१:६ आणि २१:८, अनुवाद या पुस्तकात ८:१५, बाकी चार यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात. मला सगळ्यात जास्त वेळ लागला तो गणनातल्या चार ओळींना. मोशेबरोबरचे इस्राएल लोक होर डोंगरावरून अदोम देशाला वळसा घालून निघालेत, भाकर नाही, पाणी नाही म्हणून कुरकुरताहेत, आणि त्यांच्यात ‘हन्नेहाशीम हस्सेराफीम’ सोडले जातात. दोन्ही शब्दांना ‘ह’ हे उपपद (इंग्रजीतल्या ‘द’सारखं) लागलंय, म्हणजे इथे दुसरा शब्द पहिल्याचं विशेषण म्हणून सहज वाचता येतो: ते जाळणारे साप. पण दोनच ओळी खाली देव मोशेला सांगतो, ‘एक साराफ कर आणि खांबावर लाव.’ इथे नाहाश गायब, साराफ एकटाच नाम होऊन उभा. आणि ९व्या ओळीत मोशे करतो काय, तर ‘नेहाश नेहोशेत’, तांब्याचा नाहाश. सांगितला साराफ, केला नाहाश, आणि कथेत कुणालाच त्यात वावगं वाटत नाही. माझ्या मते निकाल इथेच लागतो. साराफ ही वेगळी जात असती, तर ही अदलाबदल इतकी बिनबोभाट झाली नसती. राशी हा मध्ययुगीन ज्यू भाष्यकार तांब्याचं कारण देतो ते शब्दखेळाचं: नाहाश म्हणून नेहोशेत.

मग जाळतं काय? राशी सरळ सांगतो: दातांतल्या विषाने माणसाला जाळतात म्हणून. सेप्तुआगिंत या जुन्या ग्रीक भाषांतराने जाळ बाजूला ठेवून ‘मारणारे साप’ केलं. वुल्गाता या लॅटिन भाषांतराने ‘आगीचे साप’ ठेवलं. मी कार्डावर ‘आग्या साप’ लिहिलंय. आपण आग्या मोहोळ म्हणतो तेव्हा त्या माश्यांतून ज्वाळा निघतात असं कुणी समजत नाही; चावल्यावर अंगाची आग होते, एवढंच. नाव दंशाला दिलंय, प्राण्याला नाही.

तरी जात शोधायचा मोह होतोच. मृत समुद्राच्या दक्षिणेच्या अराबाच्या खडकाळ पट्ट्यात एकिस कोलोराटस राहतो, म्हणजे आपल्या कोकणातल्या फुरशाच्याच प्रजातीतला. दंशाची जागा सुजते, रक्त गोठेनासं होतं. वर्णनाला चपखल बसतो, पण आधुनिक हिब्रूने ‘एफए’ हे नाव त्याला देऊन टाकलंय. ‘साराफ’ मिळालं मृत समुद्राकाठच्या एन-गेदीच्या एका बारक्या, काळ्या, बिळात राहणाऱ्या सापाला, ‘साराफ एन-गेदी’. हा पठ्ठ्या तोंड जवळजवळ मिटलेलंच ठेवून एक दात बाजूला काढून मारतो, त्यामुळे मानेमागे धरला तरी धरणाऱ्याची खैर नाही. त्याच्या विषातल्या पेप्टाइडांना १९८८च्या सुमारास ‘साराफोटॉक्सिन’ नाव पडलं. २१ अमिनो आम्लांची साखळी, हृदयाच्या रक्तवाहिन्या आवळणारी, आपल्याच शरीरातल्या एन्डोथेलिनची जुळी म्हणावी अशी. वाचायला झकास, पण पुरावा म्हणून शून्य. हे नामकरण विसाव्या शतकातलं. मोशेच्या सापाबद्दल ते काही सांगत नाही.

आता यशया, म्हणजे पंखांची भानगड. १४:२९ आणि ३०:६ मध्ये ‘साराफ मेओफेफ’, उडता साराफ. ६व्या अध्यायात सिंहासनाभोवती सहा-सहा पंखांचे सेराफीम (साराफचंच अनेकवचन), त्यातला एक निखारा घेऊन संदेष्ट्याच्या ओठांना लावतो. उडी मारणाऱ्या सापाची प्राणिशास्त्रीय सोय लावू पाहणाऱ्यांचं मला पटत नाही. यशयाच्या काळातल्या, इ.स.पू. आठव्या शतकातल्या यहुदा राज्यातल्या मुद्रांवर पंखवाले, फणा काढलेले नाग कोरलेले सापडतात. काहींना चार पंख आहेत. मूळ कल्पना मिसरची (इजिप्तची), फेरोच्या कपाळावरचा नाग. बायबलचे अभ्यासक ओथमार केल यांनी १९७७मध्ये या मुद्रा आणि यशयाचे सेराफीम शेजारी-शेजारी ठेवले, ती मांडणी मला सर्वांत भक्कम वाटते. यशयाचे श्रोते ते चित्र रोज मोहोरेवर पाहत असणार. त्याच काळात यहुदाचा राजा हिज्कीया याने मोशेचा म्हणून धूप मिळणारा तांब्याचा साप, नेहुश्तान, फोडून टाकला (२ राजे १८:४). तेव्हा नागाचं हे प्रकरण यरुशलेमेत चांगलंच जिवंत होतं.

म्हणून कार्डाचे दोन भाग केलेत: वाळवंटातला दंश वर, मुद्रेवरचा नाग खाली. अनुवाद ८:१५ वरच्या भागात टाकलाय. तिथे ‘नाहाश साराफ वेअक्राव’ असं आहे. ‘व’ फक्त विंचवाला लागलाय, त्यामुळे ‘आग्या साप आणि विंचू’ हेच वाचन मला बरं वाटतं. कुणाचं वेगळं मत असेल तर जरूर भांडा.

पुढचा नंबर पेतेनचा. स्तोत्र ५८ मधला तो बहिरा साप, गारुड्याचं ऐकू नये म्हणून कान बंद करणारा. त्याचं कार्ड अर्धं झालंय.