परीक्षेच्या जागी व्याख्यान

इथे पदव्युत्तर स्तरावर गणिताच्या प्रत्येक अभ्यासक्रमाची सांगता लेखी परीक्षेनेच होते असे नाही. आमच्या अल्जेब्रिक टोपोलॉजीच्या (बीजगणिताच्या साहाय्याने आकारांचा अभ्यास करणाऱ्या शाखेच्या) वर्गात मूलभूत गट (अवकाशातील बंद वाटांचा हिशेब), होमॉलॉजी (अवकाशातील पोकळ्यांचा हिशेब) आणि तिचेच जोडरूप कोहोमॉलॉजी शिकवून झाल्यावर, त्यापलीकडचा एखादा विषय प्रत्येकाने स्वतः वाचून तासभर फळ्यावर मांडायचा असतो. स्लाइड जवळजवळ कोणी वापरत नाही आणि मला ते रास्त वाटते, कारण खडूने लिहिणाऱ्याला ऐकणाऱ्यांच्या फार पुढे पळताच येत नाही.

एका सहाध्यायिनीने फ्रेंच गणिती प्वांकारेचा होमॉलॉजी गोल, म्हणजे गोल नसूनही होमॉलॉजीला गोलच वाटणारा अवकाश, निवडला होता. बारा पंचकोनी पृष्ठांचा पुठ्ठ्याचा द्वादशफलक टेबलावर ठेवून, समोरासमोरची पृष्ठे 36 अंशांनी फिरवून परस्परांना जोडली असे समजा, असे तिने सांगितले. मग कडांवर रंगीत खुणा करत तिने दाखवले की या जोडणीत 30 कडांचे तीन-तीनचे 10 गट होतात, 20 शिरोबिंदूंचे चार-चारचे 5 आणि पृष्ठांच्या 6 जोड्या. त्यात आतला एक घन भाग धरला की 5 − 10 + 6 − 1 म्हणजे शून्य, जे बंदिस्त त्रिमितीय बहुविध अवकाशाला (जवळून पाहता सगळीकडे साध्या त्रिमितीय अवकाशासारखा दिसणाऱ्याला) यायलाच हवे. या अवकाशाची होमॉलॉजी हुबेहूब त्रिमितीय गोलासारखी (चतुर्मितीय चेंडूच्या पृष्ठभागासारखी) असते, मूलभूत गटात मात्र गोलाच्या एकाऐवजी 120 घटक असतात. गोल ओळखायला होमॉलॉजी पुरेशी आहे हे 1900 मधील स्वतःचेच विधान प्वांकारेने 1904 मध्ये अशा उदाहरणाने खोडून काढले. (त्याची मूळ रचना वेगळी होती, द्वादशफलकाची मांडणी नंतरची.) तेवढ्यात प्राध्यापकांनी विचारले, ‘‘गट एवढा मोठा, तर पहिली होमॉलॉजी शून्य कशी?’’ हा गट आपल्याच कम्युटेटरांनी (दोन घटकांचा क्रम बदलल्याने पडणारा फरक दाखवणाऱ्या घटकांनी) व्यापलेला असल्याने त्याचे आबेलीकरण (तो फरक पुसून उरणारा गट, म्हणजेच पहिली होमॉलॉजी) क्षुल्लक ठरते, हे उत्तर तिने क्षणभर थांबून दिले. माझ्या मते त्या तासातला सर्वांत मोलाचा भाग हाच होता.

स्पेक्ट्रल सिक्वेन्ससारखा (होमॉलॉजी टप्प्याटप्प्याने काढण्याच्या तांत्रिक पद्धतीसारखा) विषय घेणाऱ्याचा बहुतेक वेळ व्याख्या आणि निर्देशांक लिहिण्यातच जातो आणि एकही गणित पूर्ण होत नाही. त्याउलट संचांना रंग देण्याबाबतच्या क्नेसरच्या 1955 च्या अटकळीवर बोलणाऱ्या विद्यार्थ्याने पाच घटकांच्या संचातील दहा जोड्या घेतल्या, सामाईक घटक नसलेल्या जोड्या रेषांनी सांधल्या आणि जुळलेले बिंदू भिन्न रंगांचे ठेवायचे तर तीन रंग लागतातच, हे आधी हाताने करून दाखवले. गणिती लोवासने 1978 मध्ये, गोलावरील समोरासमोरच्या बिंदूंविषयीचे बोर्सुक-उलाम प्रमेय वापरून दिलेली सामान्य सिद्धता त्याने केवळ रूपरेषेत सांगितली. तरीही रंगांच्या प्रश्नात गोल कुठून आला, हे सर्वांच्या ध्यानात आले.

गुण देताना प्राध्यापक विषय किती अवघड होता याकडे फारसे पाहत नाहीत. निदान एक उदाहरण शेवटपर्यंत नेले का आणि कोणती सिद्धता गाळली हे स्पष्ट सांगितले का, एवढे मात्र ते आवर्जून तपासतात. ऐकणाऱ्यांनी विचारलेल्या प्रश्नांचीही नोंद होते, त्यामुळे मागच्या बाकावर बसून वेळ काढण्याची सोय राहत नाही.