फॉदरगिला लावायचीय? आधी फॉर्म भरा

न्यू जर्सीत फॉदरगिला जगवायला फारसे कष्ट पडत नाहीत. कष्ट पडतात ते एचओएकडून, म्हणजे वसाहतीच्या घरमालक संघटनेकडून, परवानगी मिळवायला.

हे झुडूप मूळचं अमेरिकेच्या आग्नेय भागातलं. बुटकी जात, फॉदरगिला गार्डेनाय, दोन-तीन फुटांवर थांबते. वसंतात पानं नीट फुटायच्या आधीच बाटली घासायच्या ब्रशसारखे पांढरे तुरे येतात, त्यांना मधाचा वास. पाकळ्या नसतातच, दिसतात ते सगळे पुंकेसर. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिवळा, नारिंगी, लाल हे रंग कधीकधी एकाच पानावर. खिडकीखाली लावायला याहून चांगलं काय असणार?

तर फॉर्म. घराच्या दर्शनी बाजूला काहीही लावायचं तर बदलाचा अर्ज. त्यात शास्त्रीय नाव, पूर्ण वाढल्यावरची उंची-रुंदी, भिंतीपासूनचं अंतर, प्लॉटच्या नकाशावर खूण आणि दोन्हीकडच्या शेजाऱ्यांच्या सह्या. सगळं दिलं. अर्ज परत: 'मंजूर यादीत नाही'. यादीत काय, तर बॉक्सवुड, जपानी हॉली आणि चक्क बर्निंग बुश! आशियातून आलेलं, इथल्या रानात घुसून बसलेलं झुडूप चालतं, पण याच देशातलं चालत नाही. मी तसं सभ्य शब्दांत लिहून पुन्हा पाठवलं, सोबत फुलांचा एक आणि पानगळीतला एक फोटो. यावर उत्तर आलं की झाडं दोन दिसतात, प्रत्येकासाठी स्वतंत्र अर्ज करा. मग फोन. व्यवस्थापनवाले म्हणणार फाइल समितीकडे आहे, समिती म्हणणार आमच्याकडे काही आलंच नाही. समितीची बैठक महिन्यातून एकदा, उन्हाळ्यात तीही नाही. लावणीचा वसंत असाच गेला. सप्टेंबरात एका ओळीची ईमेल आली: मंजूर. कारण, खुलासा, काही नाही.

म्हणून सांगते, अर्ज हिवाळ्यातच टाका, आणि फोटो एकच जोडा, फुलांचा. मात्र माझं सप्टेंबर वाया गेलं नाही. शरदात जमीन अजून उबदार असते, मुळं छान धरतात.

अर्जात नुसतं 'फॉदरगिला' लिहू नका. मोठी जात सहा ते दहा फूट जाते, 'माउंट एअरी' हा वाणही पाचेक फूट होतो. 'ब्लू मिस्ट' या वाणाची पानं उन्हाळ्यात निळसर, सुंदर, पण शरदात त्याचा रंग फिका पडतो. रंगासाठी लावायचं तर तो नको.

मातीचं तर राहिलंच. याला आम्लधर्मी माती लागते, पीएच पाच ते सहा. घराच्या पायातल्या काँक्रीटमधला चुना मातीत उतरतो, त्यामुळे भिंतीला चिकटून लावू नका. माती आधी तपासून घ्या. पीएच उतरवायला गंधक घालतात, पण त्याचं आम्ल मातीतले जिवाणू करतात आणि थंडीत त्यांचं काम जवळपास थांबतं, म्हणजे महिने धरूनच चाला. ऊन निदान अर्धा दिवस हवं, सावलीत पानांना रंग चढत नाही. छाटायचं असेल तर फुलं संपल्यासंपल्या, कारण पुढच्या वर्षीच्या कळ्या उन्हाळ्यातच धरतात.

मंजूर यादीत फॉदरगिला अजूनही नाही. शेजारणीला तेच झुडूप हवंय, तिला माझा भरलेला अर्ज पाठवून दिलाय.