इंदूर ते धुळे, मे महिन्यात: जाताना उतार, येताना चढ, आणि निघण्याआधी घरीच करायची कूलिंगची तपासणी

शाळांना सुट्या लागल्या की इंदुरातली मराठी घरं नाशिक-पुण्याकडे निघतात. कुणाचं लग्न, कुणाचं आजोळ, कुणाला वणीला जायचंय. रस्ता ठरलेला: राऊ, महू, मानपूर, खलघाट, ठीकरी, जुलवानिया, सेंधवा, बिजासन घाट, शिरपूर, धुळे. चौपदरी आहे, चांगला आहे. पण गाडीच्या कूलिंगच्या बाबतीत हा रस्ता फसवा आहे. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर, तर खलघाटचा नर्मदाकाठ दीडशेच्या आसपास. म्हणजे जाताना विंध्य उतरायचा, सेंधव्यापर्यंत संथ चढायचं आणि बिजासनही उतरायचाच. इंजिनावर फारसा भार येतच नाही. परतीला मात्र आधी बिजासन चढायचा, मग नर्मदाकाठच्या सखल निमाडातली दुपार, आणि शेवटी मानपूरपर्यंत चारेकशे मीटरची चढण. अर्धवट अडकलेला थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) किंवा तुंबलेला रेडिएटर तिथे उघडा पडतो. त्यामुळे ‘जाताना तर काही झालं नाही’ याला काही अर्थ नाही. परीक्षा घरीच घ्यायची, निघण्याच्या निदान आठवडाभर आधी. तेवढ्या वेळात पार्ट मिळतो आणि बसवून शहरात चार फेऱ्याही होतात.

सुरुवात सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना. कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, टाकीतली पातळी खालच्या आणि वरच्या खुणेच्या मध्ये हवी. रेडिएटरला वेगळं झाकण असेल तर तेही उघडून आत बघा, कारण टाकी भरलेली आणि रेडिएटर रिकामा असं सर्रास होतं. झाकणाचं रबर चिरलेलं असलं की टाकीत गेलेलं कूलंट इंजिन थंड झाल्यावर परत ओढलं जात नाही. सगळ्यांत दुर्लक्षित पार्ट हाच. झाकणावर बहुधा ०.९ किंवा १.१ बार असं छापलेलं असतं, आणि तो दाब टिकला तरच कूलंट उकळत नाही. निम्मं ग्लायकॉल, निम्मं पाणी हे मिश्रण उघड्यावर साधारण १०८ अंशांना उकळतं, एक बार दाबाखाली १२५ च्याही पुढे जातं. स्प्रिंग ढिली पडली की ही सगळी सवलत गेली. मग घाटात टाकीतून फसफसून कूलंट बाहेर येतं आणि माणसं पाण्याचा पंप बदलत बसतात. आधी झाकण बदला, त्याच रेटिंगचं.

आता इंजिन चालू करून एसी लावा. रेडिएटरचा पंखा बहुतेक गाड्यांत लगेच फिरू लागतो. फिरला नाही तर फ्यूज बघा, मग हॉर्नचा रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच) तसाच असेल तर पंख्याच्या जागी लावून बघा. तरीही नाही, तर पंख्याचा प्लग काढून मोटरला बॅटरीतून थेट १२ व्होल्ट द्या. फिरली तर दोष वायरिंगमध्ये, रिलेत किंवा सेन्सरमध्ये. नाही फिरली तर मोटर गेली. एसी बंद करून गाडी उभ्या उभ्या तापू द्या. पंखा साधारण ९५ ते १०० अंशांदरम्यान आपोआप सुरू होऊन काही वेळाने थांबला पाहिजे. पंख्याजवळ हात घालताना लक्षात ठेवा, काही गाड्यांत चावी काढल्यावरही तो अचानक फिरतो.

काट्यावर विसंबू नका. ७५ पासून १०५ पर्यंत बराच काळ तो मध्यावरच राहील अशी रचना बऱ्याच गाड्यांत केलेली असते, आणि अनेक छोट्या गाड्यांत तर काटाच नाही, फक्त निळा आणि लाल दिवा. ओबीडी सॉकेटला (गाडीच्या संगणकातली माहिती वाचायच्या जोडणीला) लावायचा साधा ब्लूटूथ डोंगल घेतला की मोबाइलवर कूलंटच्या तापमानाचा खरा आकडा दिसतो. या प्रवासात दुसरं काही घेतलं नाही तरी चालेल, डोंगल घ्या.

थर्मोस्टॅटची परीक्षा हाताने होते. थंड इंजिन चालू केल्यावर वरचा होज (रेडिएटरची वरची रबरी नळी) पहिली काही मिनिटं थंडच राहिला पाहिजे आणि मग थोड्याच वेळात गरम झाला पाहिजे. पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला तर व्हॉल्व्ह उघडाच अडकलाय. आकडा १०५ च्या पुढे गेला आणि होज थंडच, तर बंद अडकलाय, लगेच इंजिन बंद करा. (काही इंजिनांत थर्मोस्टॅट खालच्या होजकडे असतो, तिथे हीच परीक्षा खालच्या होजवर.) शंका राहिली तर काढून जुन्या पातेल्यात दोऱ्याने लटकवा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर. त्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो, त्याच्या दोन अंश इकडेतिकडे व्हॉल्व्ह हलायला लागला की ठीक. पूर्ण उघडायला आणखी बारा-पंधरा अंश लागतात. इथे इंदूरकरांनी एक ध्यानात ठेवायचं: आपल्या उंचीवर पाणी ९८ अंशांनाच उकळतं. म्हणून ८८ चा थर्मोस्टॅट पातेल्यात पूर्ण उघडला नाही तरी तो बाद नाही. वेळेवर हलतोय आणि थंड झाल्यावर घट्ट मिटतोय, हे महत्त्वाचं. थर्मोस्टॅट काढून टाकून गाडी चालवायचा सल्ला रस्त्यावर हमखास मिळतो. तो ऐकू नका. इंजिन कायम थंड चालतं, पेट्रोल जास्त पितं, आणि काही इंजिनांत बायपासची वाट उघडी राहिल्याने घाटात उलट जास्त तापतं.

रेडिएटरकडे वळा. मालव्यात गव्हाची काढणी होऊन जाते तसा भुसा उडत असतो, आणि तो एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत जाऊन बसतो. पुढून बघितलं तर सगळं स्वच्छ दिसतं. वरचं प्लास्टिक काढून टॉर्च मारा, मधे राखाडी गादी दिसेल. पाणी साध्या नळीने, कमी जोराने, इंजिनाच्या बाजूकडून पुढे मारायचं. वॉशिंग सेंटरच्या प्रेशरने पत्र्याचे बारीक पंख वाकतात आणि हवा कायमची अडते. आतून तुंबलाय का हे कळायला गाडी पूर्ण तापल्यावर इन्फ्रारेड गन रेडिएटरभर फिरवा. मधेच एखादा पट्टा वीस-पंचवीस अंशांनी थंड लागला तर तिथल्या नळ्या बंद आहेत. याचं मूळ कारण बहुतेकदा वर्षानुवर्षं घातलेलं बोअरिंगचं पाणी. त्यातले क्षार आत खडीसारखे बसतात. इंदूरच्या नळाला जलूदहून येणारं नर्मदेचं पाणीसुद्धा यासाठी नको, डिस्टिल्ड किंवा डीएम (क्षार काढलेलं) वॉटरच. कॉन्सन्ट्रेट असेल तर निम्मं-निम्मं, रेडी-मिक्स असेल तर तसंच ओता. रंगावरून जात ओळखू नका, हिरव्यात लाल मिसळून आत साय धरते.

कूलंट कमी होतंय आणि गळती दिसत नाही? पाण्याच्या पंपाखालचं बारीक छिद्र बघा, तिथे वाळलेल्या कूलंटचा पांढुरका-हिरवट ओघळ म्हणजे पंपाचं सील गेलं. पुढच्या सीटखालचं कार्पेट ओलं आणि काचेवर चिकट वाफ म्हणजे हीटर कोअर (हीटरचा छोटा रेडिएटर) गळतोय. दोन्ही नाही, तर प्रेशर टेस्टरने झाकणावरच्या आकड्याइतका दाब भरून पंधरा मिनिटं सोडा. दाब उतरतोय पण बाहेर थेंब नाही, तर हेड गॅस्केटचा (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांमधल्या सीलचा) संशय. ते गेलं असेल तर थंड इंजिन चालू केल्यावर मिनिटाभरात वरचा होज दगडासारखा घट्ट होतो आणि टाकीत सतत बुडबुडे येतात. नक्की करायला ब्लॉक टेस्टरचं निळं द्रव वापरा, पेट्रोल गाडीत जळालेला वायू मिसळला की ते पिवळं पडतं. हे दिसलं तर प्रवास रद्द करा. वाटेत पाणी घालत घालत धुळं गाठता येत नाही.

कूलंट बदललं असेल तर हवा काढल्याशिवाय निघू नका. गाडीचं नाक उंच, हीटर पूर्ण गरमवर, झाकण थंड असतानाच उघडलेलं, इंजिन आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता). बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहायचं, पंखा दोनदा फिरून थांबला की झाकण लावायचं.

आता रस्ता. निघताना, इंजिन थंड असताना, टाकीवर पातळीची पेनाने खूण करा. पहाटे निघालं की शिरपूरपर्यंत ऊन सौम्य असतं, आणि डोंगलवर ९० च्या आसपास आकडा हलतही नाही. उतारावर गिअर टाकूनच उतरा, न्यूट्रलमध्ये नाही. मानपूर-धामनोददरम्यानच्या उतारांवर ब्रेक तापून झालेले अपघात या भागात सगळ्यांना माहीत आहेत.

परतताना शिरपूर सकाळी लवकर सोडा. बिजासनला ट्रक मुंगीच्या चालीने चढतात आणि त्यांच्या मागे हवाच मिळत नाही. तिसऱ्या गिअरमध्ये रेटण्यापेक्षा दुसरा टाका, इंजिन २५०० ते ३००० फेऱ्यांवर ठेवा, पंप इंजिनाबरोबर फिरतो. आकडा १०० च्या पुढे चढू लागला की एसी बंद. १०५ झाला तर काचा उघडून हीटर पूर्ण गरमवर आणि त्याचा पंखा जोरात, हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच आहे. ११० ला बाजूला घ्या. या आकड्यांवरून दोषही कळतो: ट्रकामागे रांगताना तापतं आणि मोकळ्या रस्त्याला उतरतं, तर पंखा, मोकळ्या चढावर वेगात तापतं, तर रेडिएटर, थर्मोस्टॅट किंवा पंप. चढावर आकडा एकदम खाली पडला तर सुटकेचा श्वास टाकू नका. कूलंट संपून सेन्सर कोरडा पडला की असंच होतं, तत्काळ इंजिन बंद.

कूलंट जागेवर असेल तर थांबल्यावर एक-दोन मिनिटं आयडलवर राहू द्या. वाफ येत असेल तर लगेच बंद, बॉनेट उघडा, आणि किमान पाऊण तास झाकणाला हात लावू नका. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतलं तर हेड वाकू शकतं. बरोबर एक लिटर रेडी-मिक्स, पाच लिटर डीएम वॉटर, दोन मापांचे होज क्लिप, एक फ्यूज, एक झाकण आणि जाड फडकं असावं. मोठ्या चढांच्या मधे सेंधव्याला आणि खलघाटला मेकॅनिक मिळतात, तिथे एकदा पातळी बघून घ्या, पारदर्शक टाकीच्या बाहेरूनच.

घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन थंड असताना, टाकीवर निघताना केलेल्या पेनाच्या खुणेशी पातळी ताडून बघा आणि डिपस्टिक पुसून तेलाचा रंग बघा. खुणेपेक्षा अर्धा इंच खाली असेल तर पुढच्या प्रवासाआधी दाबाची चाचणी पुन्हा करा. तेल दुधाळ चहासारखं दिसलं, म्हणजे त्यात कूलंट मिसळल्याचा संशय असला, तर गाडी चालू करू नका, टो करून न्या.