डिलिव्हरीच्या दिवशी मी हात सोडून दाखवले होते

मी संभाजीनगरला एका वर्कशॉपमध्ये ॲडासचं काम बघतो, म्हणजे कॅमेरा आणि रडारच्या जोरावर लेन धरायला, ब्रेक मारायला ड्रायव्हरला मदत करणारी गाडीतली सिस्टीम. लोकांना वाटतं काच फुटली, नवीन बसवली, झालं. पण आरशामागे काचेला जो कॅमेरा असतो तो परत कॅलिब्रेट करावा लागतो, म्हणजे त्याची नजर अचूक सरळ लावावी लागते, त्याआधी अलाइनमेंट, चारी टायरची हवा, गाडीतलं सामान बाहेर, जमीन लेव्हलला, मग लेझरने गाडीचा मध्य काढून टार्गेट बोर्ड मिलिमीटरने मोजून उभा करायचा. कॅमेरा एक अंश जरी फिरला तरी १०० मीटरवर पावणेदोन मीटरचा फरक पडतो, म्हणजे जवळजवळ अर्धी लेन! आणि इन्शुरन्सचा सर्व्हेअर म्हणतो कॅलिब्रेशनचे पैसे वेगळे कशाला.

तर मागच्या हिवाळ्यात एक गाडी टो होऊन आली. समृद्धीवर वैजापूरजवळ उभ्या ट्रकला मागून ठोकलेली, डावी बाजू पार आत गेलेली. गाडी जालन्याच्या एका काकांची, बियाण्यांचं दुकान आहे त्यांचं, मीच डिलिव्हरी दिली होती म्हणून चांगले ओळखीचे. काकूंचा हात मोडला होता. काका आले ते रागातच, "ब्रेक लागलाच नाही भाऊ, तुमची सिस्टीम फेल आहे."

स्कॅनर लावला. धडकेमुळे आलेले फॉल्टचे कोड सोडले तर कॅमेरा, रडार, कशाचाच जुना फॉल्ट नाही. मग मी त्यांना नीट विचारलं की पुढे काय होतं. पुढे एक कार होती, क्रूझ, म्हणजे पुढच्या गाडीमागे अंतर राखून आपोआप स्पीड ठेवणारी सोय, तिच्यामागे मस्त चालला होता, ती कार अचानक उजवीकडे निघाली आणि समोर ट्रक उभा. इथेच सगळी गोम आहे. रडार चालत्या गाडीला छान पकडतं, पण उभ्या वस्तूंचे सिग्नल ते बरेचसे सोडून देतं, नाहीतर प्रत्येक बोर्डाला, पुलाच्या कठड्याला गाडी ब्रेक मारत बसेल. कॅमेरा ट्रक ओळखेपर्यंत १२० च्या स्पीडला सेकंदाला ३३ मीटर रस्ता संपतो. मॅन्युअलमध्ये हे स्पष्ट लिहिलंय, पण मॅन्युअल कोण वाचतं, आमचे सेल्सवालेसुद्धा वाचत नाहीत.

एअरबॅग बदलायला स्टिअरिंग खोललं तेव्हा उजव्या दांडीवर लेदर दबलेलं दिसलं, सुतळीचा वळ अगदी स्पष्ट. सीटखाली अर्ध्या लिटरची भरलेली बाटली, गळ्याला सुतळी तशीच बांधलेली. मला कळायला वेळ लागला नाही. या गाडीत डोळ्यांवर लक्ष ठेवणारा कॅमेरा नाही, हात आहे की नाही हे ती स्टिअरिंगवर येणाऱ्या थोड्याशा जोरावरून ओळखते. एका बाजूला वजन टांगलं की तिला वाटतं हात आहे, मग हात ठेवा म्हणून वाजणारं टुं-टुं वाजतच नाही. अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये टेस्लाने ऑटोपायलट या त्यांच्या अशाच सिस्टीमसाठी २० लाखांवर गाड्यांचा रिकॉल काढला तो याच दुखण्यावर, ड्रायव्हरचं लक्ष रस्त्यावर राहावं याची सोय कमी पडत होती म्हणून.

बाटली मी काकांच्या हातात दिली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "फोनवर बोलत होतो रे. दोन मिनिटं. पण तूच तर डिलिव्हरीला हात सोडून दाखवले होते ना?"

खरं होतं ते. बीड बायपासवर मी आठ-दहा सेकंद दोन्ही हात वर केले होते, मागे बसलेला सेल्सचा पोरगा म्हणाला होता बघा काका, गाडी आपली आपण चालते, काकू केवढ्या खूश झाल्या होत्या. मी म्हणालो होतो "हात ठेवायचे बरं का", पण जाता जाता, हसत हसत. ही लेव्हल टू सिस्टीम आहे, यात ड्रायव्हर तुम्हीच, गाडी फक्त मदतीला, हे मी त्या दिवशी एकदाही सरळ शब्दात सांगितलं नाही.

फाइल काढून बघितली. डिलिव्हरीच्या कागदावर "ॲडासची माहिती दिली" समोर टिक आहे, खाली त्यांची सही आणि माझी सही.

मॅनेजरला म्हटलं तो कागद बदला, उभी गाडी दिसेलच असं नाही, हे वेगळं लिहा आणि त्यावर वेगळी सही घ्या. म्हणाले गिऱ्हाईक घाबरेल, बघू नंतर. तीन महिने झाले. तोपर्यंत मी प्रत्येक डिलिव्हरीला गाडी रोडवर नेण्याआधी पार्किंगमध्येच उभी करून हे बोलतो, आणि कुणी कितीही आग्रह केला तरी हात सोडून दाखवत नाही. काकांची गाडी कॅलिब्रेट करून दिली तेव्हा काकू पुढे बसल्या नाहीत, मागे बसून गेल्या.