सरवा आणि पानगळ: बर्कशायरच्या डोंगरांतला एक रविवार

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी बॉस्टनला मुलीकडे होतो. मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम टोकाला असलेल्या बर्कशायरच्या डोंगरांत पानांचे रंग ऐन भरात आले आहेत आणि एक जोराचा पाऊस झाला की ते सगळे झडून जातील, असे तिचे म्हणणे होते. शनिवारी जावयांना काम असल्यामुळे उरला तो रविवार, आणि रविवारची उपासना बुडवून फिरायला जाणे आमच्या नगरच्या घरात कधी घडलेले नव्हते. माझी आई रविवारचे दळणसुद्धा शनिवारीच आणत असे. मी गप्प बसलेला पाहून मुलगी म्हणाली, "पप्पा, वाटेत चर्च लागतीलच की." माझे समाधान झाले नाही, पण निघालो.

बॉस्टनहून दोन नंबरचा महामार्ग धरून पश्चिमेकडे निघाले की पुढे त्यालाच मोहॉक ट्रेल म्हणतात. एका गावात पांढऱ्या लाकडी चर्चची घंटा ऐकू आली म्हणून गाडी थांबवली. आत जेमतेम वीस-पंचवीस माणसे होती आणि त्यांतली बहुतेक माझ्या वयाची होती. वेदीसमोर भोपळे, मक्याची कणसे आणि सफरचंदांच्या टोपल्या मांडलेल्या पाहून मला आमची उपकारस्तुतीची भक्ती आठवली; तिथे बाजरी, अंडी, कधी जिवंत कोंबडीही अर्पणात येते, आणि भक्तीनंतर त्यांचा लिलाव होताना पाळकांनाच हसू आवरत नाही. पीक घरात आल्यावर देवाची आठवण करण्याची ही रीत फार जुनी आहे. इस्राएल लोक याच दिवसांत मांडवांचा सण पाळत, सात दिवस झाडांच्या डहाळ्यांच्या मांडवात राहत, आणि दर सातव्या वर्षी त्या सणात पुरुष, स्त्रिया, मुले व गावात राहणारे परके अशा सर्वांना नियमशास्त्र वाचून दाखवले जाई. आज्ञा ऐकण्यासाठी सुगीनंतरचा काळ का निवडला असेल, याचा मी पूर्वी कधी विचार केला नव्हता. पोट भरलेले असतानाच माणसाला आज्ञांचा विसर पडतो, हे कारण असावे असे मला वाटते.

डोंगर चढताना मेपलची झाडे दोन्ही बाजूंनी पेटल्यासारखी दिसत होती. दिवस लहान आणि रात्री गार होऊ लागल्या की पानांतले हरितद्रव्य मोडू लागते. पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो, हिरवा ओसरला की तो दिसू लागतो, तर लाल रंग बराचसा याच दिवसांत नव्याने तयार होतो. देठाशी एक पातळ थर तयार होऊन पान सुटते, मात्र पुढच्या वर्षीची कळी त्याआधीच, उन्हाळ्यात, धरलेली असते. आपल्याकडे पानगळ येते ती माघ-फाल्गुनात, म्हणजे नेमकी ईस्टरआधीच्या उपवासकाळात. लहानपणी शुभ शुक्रवारच्या आसपास उघडे पडलेले साग पाहत आम्ही चर्चला जात असू, त्यामुळे माझ्या मनात पानगळीचा संबंध नेहमी वधस्तंभाशी जुळलेला आहे. सुगीच्या आनंदात झडणारी पाने मी इथेच प्रथम पाहिली.

विल्यम्सटाउनला पोहोचेपर्यंत दुपार झाली. तिथे विल्यम्स कॉलेजच्या आवारात एक संगमरवरी स्तंभ आहे, आणि खरे सांगायचे तर पानांपेक्षा मला तोच पाहायचा होता. 1806 च्या ऑगस्टमध्ये प्रार्थनेसाठी जमलेल्या पाच विद्यार्थ्यांना वादळाने गाठले, तेव्हा त्यांनी गवताच्या गंजीचा आडोसा घेतला आणि आशियात सुवार्ता नेण्याविषयी तिथेच प्रार्थना केली. स्तंभावर ती गंजी कोरलेली असून माथ्यावर पृथ्वीचा गोल आहे, आणि शेत हे जग आहे अशा अर्थाचे प्रभूचे शब्द त्यावर आहेत. याच कॉलेजातून 1808 मध्ये पदवी घेतलेले मिशनरी गॉर्डन हॉल 1813 च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले. कंपनी सरकारला ते नको होते. परत जाण्याचा हुकूम निघाला, तेव्हा हॉल यांनी आपल्या सोबत्यासह गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांच्याकडे विनंती केली आणि अखेर त्यांना राहू दिले गेले. तेरा वर्षे ते मराठीत बोलत-लिहित राहिले आणि 1826 च्या मार्चमध्ये नाशिककडून परतताना पटकीने वारले. त्यांचे वय तेव्हा एक्केचाळीस होते. त्यांच्या मिशनचे काम पुढे 1831 मध्ये नगरला सुरू झाले, आणि माझे पणजोबा त्याच मिशनच्या शाळेत अक्षरे शिकले.

परतताना गाडीत मी बायबलमधल्या लेवीय पुस्तकाचा 19 वा अध्याय उघडला. शेताच्या कडेचे पीक काढू नये, सरवा म्हणजे कापणीनंतर रानात पडून राहिलेले पीक वेचू नये, द्राक्षमळ्यात गळून पडलेली फळे उचलू नयेत, ती गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्यावीत, असे तिथे सांगितले आहे. माझी आजी दुसऱ्यांच्या रानात भुईमुगाच्या शेंगांचा सरवा वेचून आणत असे. काही मालक वेचू देत, काही हाकलून देत. तिला वाचता येत नव्हते, पण हा भाग चर्चमध्ये वाचला की ती मान वर करून ऐकायची. पुढच्याच ओळीत चोरी करू नये असे येते, आणि मालकाने सरवाही ओरबाडून नेणे हे त्या चोरीपासून फार दूर नाही, असे मला तिच्यामुळे कायम वाटत आले आहे.

एका वळणावर रस्त्याकडेला फळीवर भोपळे आणि सफरचंदांच्या पिशव्या ठेवलेल्या दिसल्या. विकणारे कोणी नव्हते. किमतीची पाटी आणि पैसे टाकायला एक पत्र्याची पेटी तेवढी होती. नातवाने आठ डॉलरचा भोपळा उचलून गाडीत ठेवलासुद्धा. आमच्याजवळ मात्र पाच डॉलरची एकच नोट सुटी निघाली. पेटीत तेवढीच टाकून निघू, कोण पाहते, असे कोणी म्हणाले नाही, पण गाडीत क्षणभर शांतता पसरली. मग मुलीने भोपळा पुन्हा फळीवर ठेवला, गाडी वळवली, आणि आम्ही सुटे पैसे आणायला मागच्या गावातल्या पेट्रोल पंपाकडे निघालो. "तोपर्यंत दुसऱ्या कोणी नेला तर?" असे नातू वाटभर विचारत होता.