वाडीचा गणपती, शाळेचं गॅदरिंग

किर्लोस्करवाडीत, म्हणजे सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करांच्या कारखान्याच्या गावात, वाढलेल्या माणसाला दिवाळीपेक्षा गणपती जास्त आठवतो. दिवाळीला जो तो आपापल्या गावी जायचा आणि क्वार्टर्सना कुलपं लागायची. गणपतीत उलटी गर्दी. सांगली-मिरजेला दिलेल्या लेकी, पुण्या-मुंबईत नोकरीला लागलेली पोरं, सगळी पॅसेंजरने येऊन वाडीच्या स्टेशनवर उतरायची. आणि उतरल्या उतरल्या पहिला प्रश्न, ‘यंदा नाटक कुठलं?’

या स्टेशनाचं नाव आधी कुंडल रोड होतं. बेळगावात कारखान्याची जागा सोडावी लागली तेव्हा लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी इथला ३२ एकर माळ दिला, वर दहा हजारांचं बिनव्याजी कर्ज. साल १९१०. माळावर निवडुंग आणि साप. ही गोष्ट आम्हाला शाळेत इतक्यांदा ऐकवली गेली, की पुढे पुढे त्यातले साप आम्हीच वाढवून सांगायचो.

नांगर, कडबा कापायची यंत्रं, उसाचे चरक आणि पुढे पंप करणाऱ्या गावाला नाटकाचं एवढं वेड कसं, असं बाहेरचे विचारायचे. माझ्या मते ते किर्लोस्करांच्या घरातूनच आलं. ‘संगीत शाकुंतल’ १८८० साली पुण्यात रंगमंचावर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर याच घराण्यातले, गुर्लहोसूरचे. खुद्द लक्ष्मणरावांना व्हायचं होतं चित्रकार. त्यासाठी ते मुंबईला जे. जे. कलाशाळेत गेलेही, पण काही रंग ओळखता येत नाहीत असं लक्षात आल्यावर यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले. पुतणे शंकरराव, म्हणजे ‘शंवाकि’, मात्र चित्रकला शिकले, तीही पंडित सातवळेकरांकडे लाहोरला जाऊन. कारखान्याची माहिती गिऱ्हाइकांना कळावी म्हणून १९२० साली निघालेल्या ‘किर्लोस्कर खबर’चं त्यांनी महाराष्ट्रभर वाचलं जाणारं मासिक केलं. १९३० साली ‘स्त्री’ आलं, पाठोपाठ ‘मनोहर’. लोखंड ओतणाऱ्या गावात छापखाना रात्रंदिवस चालायचा म्हणे. माझ्या लहानपणी मासिकं पुण्याला गेली होती, पण जुन्या अंकांचे गठ्ठे घरोघरी माळ्यावर असायचे आणि आम्ही पावसाळ्यात तेच वाचायचो.

नाटकाची तालीम जुलैपासूनच. पहिल्या पाळीचा भोंगा झाला, की माणसं घरी जाऊन अंघोळ करून, चहा घेऊन हजर. दुसऱ्या पाळीच्या नटाचे संवाद कुणीतरी वाचून भागवायचं आणि रविवारी त्याला सगळं एकदम उरकून घ्यायला लागायचं. फाउंड्रीतला मोल्डर, म्हणजे ओतकामाचे साचे करणारा, राजा आणि ऑफिसातला मोठा साहेब भालदार, अशी वाटणी सहज व्हायची, कारण आवाज मोल्डरचा खणखणीत. भट्टीच्या आवाजावर ओरडून ओरडून कमावलेला गळा तो, त्याला माईकची गरज नसायची. तालमीत साहेब एका वाक्याला अडले की हा म्हणायचा, ‘साहेब, आडवं होऊ नका, सरळ बोला.’ आणि साहेब खाली मान घालून ‘हो, पुन्हा घेतो’ म्हणायचे. सकाळी शॉपमध्ये मात्र पुन्हा ‘नमस्कार साहेब’.

सेट पॅटर्न शॉपच्या सुतारांचा. साच्यासाठी सूत-सूत मापून लाकूड तासणारी ही माणसं. त्यांना नाटकातला महालही गुण्यात, म्हणजे नेमक्या काटकोनात, बसलेला लागायचा. कमान अर्धा इंच तिरकी दिसली म्हणून एकाने प्रयोगाच्या दिवशी दुपारी ती उतरवून परत बसवली होती. दर्शनी पडदा लोखंडी पाइपवर गुंडाळलेला, कप्पीवरून दोर, आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला वजन म्हणून बाद झालेला पंपाचा ओतीव भाग. पडदा वर जाताना तो विंगेत सरसर खाली यायचा. आम्हा पोरांना नाटकापेक्षा त्याच्याखाली उभं राहण्यात थरार वाटायचा आणि त्यापायी कानशिलात मिळायची.

गणपतीतल्या बाकीच्या संध्याकाळी व्याख्यानं, भजन, बायकांचा कार्यक्रम. बायकांच्या नाटकात पुरुषांची कामंही त्याच करायच्या. माझी आई एका वर्षी फौजदार झाली होती. मिशी स्पिरिट गमने चिकटवलेली, ती निघता निघेना, म्हणून दुसऱ्या दिवशी वरच्या ओठावर लाल पट्टा घेऊन ती दळण आणायला गेली. गिरणीवाला सलाम ठोकून म्हणाला, ‘फौजदारीणबाई, आधी तुमचं दळण.’ व्याख्यानांना आम्ही पोरं नाइलाजाने बसायचो. ‘किर्लोस्कर’ मासिकाने बुवाबाजीविरुद्ध मोहीम चालवली होती, त्याचा वारसा असेल, पण गणपतीच्या मांडवात देव-धर्मावर चिकित्सा करणारं भाषण झालं तरी कुणी नाक मुरडत नसे. आज हे कुठल्या मांडवात चालेल, शंकाच आहे.

शाळेचं गॅदरिंग त्यानंतर थंडीत. त्याचा थाट लहान. चिवडा-लाडूचा पुडा, फेटा बांधलेले पाहुणे, प्रार्थना, नाच आणि शेवटी ज्याची सगळे वाट बघायचे ते फिशपॉन्ड, म्हणजे एकेकावर चिठ्ठीतून मारलेले टोमणे. सरांवर टाकलेले फिशपॉन्ड आधी सरच तपासायचे, त्यामुळे धारदार तेवढे गळायचे. उरलेले तरीही पुरायचे. पडदा मात्र तोच, गणपतीतला. त्यावरचा रंगवलेला राजवाडा कुठल्याही प्रसंगाला चालवून घेतला जाई. शेतकऱ्याच्या झोपडीचा प्रवेशही आम्ही त्याच राजवाड्यासमोर केला, आणि मी, शेतकरी, राजाच्या खांबाला टेकून कर्जाचं रडगाणं गायलो.

आता जुने वाडीकर पुण्यात कुणाच्या तरी हॉलवर वर्षातून एकदा जमतात. जेवण केटररचं, फोटो भरपूर. पण गप्पा कुंडलच्या डोंगरापाशी सुरू होऊन गणपतीच्या नाटकापाशीच येतात, आणि तिथे दर वर्षी तोच वाद. मागच्या खेपेला ऐंशी पार केलेले एक काका काठी आपटून सांगत होते, ‘अरे, त्या वर्षी तलवार मशिन शॉपमध्ये केलेली, खरीखुरी! धार लावू नका म्हणून मीच सांगितलं होतं.’ पलीकडून पॅटर्न शॉपचे दुसरे काका म्हणाले, ‘लाकडाची होती ती. चंदेरी रंग मी दिलाय.’